मागच्या सीटवर कुणी बसायचं नाही

मला मोटरसायकल शिकवेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. ही बढाई नाही, हिशेब आहे. सात वर्षांची असताना वडिलांनी मला गाडीवर बसवलं आणि मागून ढकलून दिलं. तेव्हापासून चौपन्न वर्षं मी आमच्या रानात मेंढरांमागे गाडी पळवते आहे. पंधरा फाटकं, सशांची अगणित बिळं, आणि उन्हाळ्यात कुंपणाखाली पसरलेले साप. एवढ्या वर्षांत हात एकदाच मोडला, आणि तोसुद्धा स्वयंपाकघरात.

रान आमचं स्वतःचं, तिथे लायसन्स कोण विचारतो? मोटारीचं होतं, मोटरसायकलचं कधी काढलंच नाही. त्याच्यावाचून अडलं नव्हतं. अडलं ते सुनेमुळे.

माझी सून टेगन ॲडलेडची. माझा मुलगा लॅकलन मेंढरांची औषधं आणायला शहरात गेला आणि हिला घेऊन आला. पोरगी वाईट नाही, पण तिला कशातूनही काहीतरी घडवायची खोड आहे. यंदा तिने आमच्या लोकर कातरायच्या शेडमध्ये पलंग टाकले आणि शहरातल्या लोकांना शेतावर राहायला बोलावलं. लोक येतात. मेंढीचे फोटो काढतात, मेंढीच्या लेंड्यांचेही काढतात. चार वाजता त्यांना चहाबरोबर गरम स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, लागतात. ते कुणी भाजायचे, तर मी. त्यासाठी तिने मला निळ्या चौकड्यांचा, झालर लावलेला एप्रन आणून दिला.

"नेरिडा, यात तुम्ही अगदी खऱ्या शेतकरीण दिसाल," ती म्हणाली.

मी एप्रन खुंटीला लावला आणि मनात म्हटलं, या घरातून दिवसाचे सहा तास तरी बाहेर पडायला हवं.

संधी चालून आली. आमच्या वीराबिंगा गावात मोटरसायकलवरून टपाल वाटणारा गॉर्डन निवृत्त होत होता. पोस्टातली मेव्हिस म्हणाली, "सोमवारी सकाळी लायसन्सचा कागद घेऊन ये, काम तुझं. आणला नाहीस तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." लाल गाडी, मोकळा रस्ता, आणि दोन कातडी पिशव्या भरून पत्रं. एप्रन नाही. घरी जाऊन मी टेगनला सांगून टाकलं, सोमवारपासून स्कोनांचं तू बघ.

"आधी कोर्स तर होऊ दे," ती म्हणाली. मला तो 'तर' मुळीच आवडला नाही.

कोर्स शनिवार-रविवार, तालुक्याच्या जत्रेच्या मैदानाशेजारी, मोटारी लावायच्या जागेत. शिकवणारा ब्रेडन. वय अठ्ठावीसच्या आसपास, अंगात भगभगीत पिवळं जाकीट, आणि बोलणं बालवाडीतल्या बाईंसारखं. "आज आपण सगळे मिळून क्लचशी ओळख करून घेऊ." माझी आणि क्लचची ओळख झाली तेव्हा याच्या आईचंसुद्धा लग्न झालं नव्हतं.

बरोबर आणखी दोघे होते. रॉडरिक नावाचा दातांचा डॉक्टर, गाडी यायच्या आधीच कातड्याचा अख्खा सूट घेऊन बसलेला. तो चालला की सूट करकरायचा. दुसरी लिन्ह, नर्सिंग शिकणारी मुलगी. ती ब्रेडनचा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेत होती. वहीतून मोटरसायकल! मी तिची कीव केली.

गाड्या सुरू झाल्या आणि ब्रेडन माझ्या मागे लागला.

"नेरिडा, खाली काय बघताय?"

"बिळं."

"इथे डांबर आहे."

"ससे काय विचारून बीळ करतात?"

मग म्हणे पुढचा ब्रेक वापरा. मातीत पुढचा ब्रेक दाबला की माणूस गाडीच्या आधी पोचतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग म्हणे वळण्याआधी खांद्यावरून मागे बघा. मागे काय बघायचं, मागे धूळच असते. मग म्हणे मोटारवाल्याला आपण दिसतच नाही असं समजून चालवायचं. मी म्हटलं, "मी दिसत नाही असा मोटारवाला आमच्या भागात नाही. मी दिसले की ते बाजूला होतात."

"नवीन भागात गेलात तर?"

"मी कशाला जाईन नवीन भागात?"

तो हसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

इथवर ठीक होतं. पण मग आली सावकाश चाल. दोन पांढऱ्या रेघांच्या मधून, माणूस चालतो त्या वेगाने, पाय न टेकता गाडी न्यायची. लिन्हने नेली. रॉडरिकने करकरत का होईना, नेली. आणि माझी गाडी, दारू प्यालेल्या मेंढ्यासारखी, चार पावलांत रेघेबाहेर. तीनदा केलं, तीनदा तेच. जन्मात असं झालं नव्हतं.

"या गाडीत खोट आहे," मी म्हणाले.

ब्रेडनने तीच गाडी एका हाताने सरळ नेऊन दाखवली. अशी दाखवेगिरी मला आवडत नाही.

संध्याकाळी टेगनने विचारलं, "कसं झालं?"

"त्यांच्या गाड्या भंगार आहेत."

"हँडलकडे बघू नका. मान वर ठेवून लांब बघितलं की गाडी सरळ जाते."

"तू तुझ्या पाहुण्यांचं बघ," मी म्हणाले. शहरात बसमधून फिरलेली पोर मला शिकवणार होती.

पण पाहुण्यांचंही त्या दिवशी ठीक नव्हतं. मी घरी नसल्यामुळे माझा कुत्रा स्पॅनर मोकळा होता. कुत्रा कसला, मेंढरं वळण्यात जिल्ह्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मोकळा वेळ मिळाल्यावर त्याने पाचही पाहुण्यांना वळून शेडमध्ये कोंडलं आणि दोन तास दारात बसून राहिला. "उद्या याला बरोबर घेऊन जा," टेगन म्हणाली. म्हणून रविवारी स्पॅनर माझ्या मोटारीच्या मागच्या उघड्या हौद्यात, दोरीने बांधलेला.

परीक्षा दुपारी होती. लिन्ह झाली, रॉडरिक झाला. मग मी. उद्या सकाळी एकतर लाल गाडी नाहीतर निळा एप्रन. मी दोन रेघांसमोर आले, क्लच सोडला. गाडी डगमगली.

आणि मग एकदम सुतासारखी सरळ गेली! शेवटपर्यंत. प्लास्टिकच्या शंकूंच्या मधून नागमोडी, चोख. अर्ध्या रस्त्यात उलटं वळण, चोख. जोरात येऊन रेघेवर थांबायचं, तेही चोख. मी हेल्मेटची काच वर केली आणि ब्रेडनकडे असं पाहिलं की त्याने आपला कागद फाडून टाकावा.

ब्रेडनने कपाळाला हात लावला होता. रॉडरिकचा जबडा असा उघडा की त्याचे सगळे दात मोजता आले असते.

"नेरिडा," ब्रेडन म्हणाला, "खांद्यावरून मागे बघा."

"तेही परीक्षेत आहे का?"

"हो. बघाच."

मी बघितलं. मागच्या सीटवर स्पॅनर बसला होता. गळ्यात कुरतडलेल्या दोरीचा तुकडा, जीभ बाहेर, चेहऱ्यावर पूर्ण समाधान.

गाडी डगमगली तेव्हा मी म्हणे शीळ घातली होती. मला आठवत नाही. रानात शीळ घातली की तो उडी मारून मागे बसतो. त्याच्या आधी त्याची आई बसायची, तिच्या आधी दुसरे. मी तिथल्या तिथे हिशेब केला. चौपन्न वर्षांत, मागे कुत्रा नसताना मी गाडी कधी चालवलीच नव्हती.

"शिकाऊ चालकाने मागच्या सीटवर कुणालाही बसवायचं नाही," ब्रेडन म्हणाला.

"तो कुणी नाही. कुत्रा आहे."

"कुत्रा तर मुळीच नाही."

"त्याने हँडलला हात लावला का?"

पोरगा भला. म्हणाला, "आणखी एकदा करा. एकट्याने." लिन्हने स्पॅनरचा पट्टा धरला. मी ओठ घट्ट मिटून निघाले. कालचंच सगळं, चार पावलांत रेघेबाहेर, पाय जमिनीवर. रागाने तोंडातून शीळ सुटली, ती मात्र या वेळी मला स्पष्ट ऐकू आली.

स्पॅनरने पट्ट्यातून मान काढली. पण तोवर माझी गाडी बंद पडली होती, म्हणजे त्याच्या लेखी बसायचं काम संपलं होतं आणि वळायचं सुरू झालं होतं. समोर तीन माणसं तीन दिशांना विखुरलेली. असला गलथानपणा त्याला सहन होत नाही. आधी लिन्ह. मग रॉडरिक, जो पळाला, आणि पळणाऱ्याला तो दुप्पट वेगाने वळतो. मग ब्रेडन. दोन मिनिटांत तिघंही मुतारीच्या भिंतीशी, खांद्याला खांदा लावून उभे. स्पॅनर समोर पोट टेकून, नजर रोखून. काम इतकं सुबक झालं होतं की मला अभिमान आवरेना.

"नेरिडा, याला बोलवा," ब्रेडन हळूच म्हणाला.

"आधी निकाल सांग."

"नापास."

"नीट विचार करून सांग. घाई नाही."

"नेरिडा."

बोलावलं. काय करणार. कागदावर त्याने लिहिलं, 'अजून तयार नाही'. पुढची परीक्षा चार आठवड्यांनी. रॉडरिक जाताना म्हणाला की कुत्रा मात्र पास आहे. दातांच्या डॉक्टरांना विनोद जमत नाही.

सोमवारी सकाळी मेव्हिसला तोंड दाखवायला गेले. पोस्टाच्या दारात लाल गाडी उभी होती. दोन्ही पिशव्या पत्रांनी फुगलेल्या, आणि हेल्मेट घालून वर बसलेली टेगन.

"तुझ्याकडे लायसन्स आहे?"

"बारा वर्षं झाली. कॉलेजला गाडीनेच जायचे."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी." ती हातमोजे चढवत होती. "मेव्हिस आज दुसऱ्या कुणाला तरी ठेवणार होती. मी म्हटलं, नेरिडा पास होईपर्यंत मी करते. काम तुमचंच आहे."

माझ्या जिभेवर चार टोमणे तयार होते. ते गिळले. शेवटी विचारलं, "पहिल्या खेपेला पास झालीस?"

"हो. मला काहीच येत नव्हतं ना. ते सांगतील तसं करत गेले."

तिने आधी एका खांद्यावरून मागे बघितलं, मग दुसऱ्या. मान वर केली, आणि गाडी डाकबंगल्याच्या वळणापर्यंत अशी सरळ नेली की मी बघतच राहिले. चिडले असते, पण कारण सापडेना.

आता रोज सकाळी मी मागच्या सीटवर स्पॅनरऐवजी गव्हाची गोणी बांधून सराव करते. रोज त्यातून एक डबा गहू काढते. आज निम्मी झाली. आणि चार वाजता तो एप्रन घालते. माझे स्कोन आजवर लॅकलनने कुंपणावरच्या कावळ्यांना मारायला वापरले आहेत, पण परवा पाहुण्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. टेगन म्हणाली, "नेरिडा, एवढे छान कसे झाले?"

"हात आहे माझा," मी म्हणाले.

यावेळी पहिल्यांदाच पिठाच्या पाकिटावर लिहिलंय तसे केले होते. पण हे तिला कुणी सांगू नका.