देशाच्या वाढदिवसाची तोफ

"पाइप, हवा आणि अक्कल, तिन्ही गोष्टी घरच्याच आहेत! बाहेरून आणायचंय काय?" मिस्त्रींनी छाती पुढे काढून विचारलं.

त्यांच्या बायकोने उत्तर दिलं नाही. तिला देताच येत नव्हतं. बालवाडीतल्या चाळीस पोरांकडून राष्ट्रदिनाचं गाणं बसवून घेता घेता तिचाच आवाज बसला होता, आणि असा बसला होता की उठायचं नाव घेईना! डॉक्टरांनी बजावलं होतं, चार दिवस शब्द काढायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. तेव्हापासून ती बालवाडीतली पाटी गळ्यात अडकवून घरात वावरत होती आणि जे बोलायचं ते पाटीवर लिहीत होती. आत्ता तिने लिहिलं, "कागदी झेंडे पुरेत."

"झेंडे!" मिस्त्री म्हणाले. "दरवर्षी तेच! देशाचा वाढदिवस आहे, काडीला कागद चिकटवून भागवायचं? अगं, सलामी हवी सलामी! तोफेची!"

मिस्त्री म्हणजे प्लंबर. त्या सहा मजली इमारतीतला एकही नळ असा नव्हता की ज्याने मिस्त्रींचा हात ओळखला नसता. पण कात्री, डिंक आणि पोरं हा प्रांत बायकोचा. राष्ट्रदिनाच्या सकाळी इमारतीच्या अंगणात झेंडा लागायचा, त्याची सजावट दरवर्षी ती घरी मुलांना घेऊन करायची. अंगणभर तिला "बाई, बाई" करत लोक शाबासकी द्यायचे आणि मिस्त्री मागे खुर्च्या मांडत उभे असायचे. यंदा बाईंचा आवाज गेला आणि कारभार मिस्त्रींच्या हातात आला. संधी होती! ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

तोफेचा बेत मुलांना सांगताच घरात जल्लोष झाला. सहा वर्षांची ताई ही मोठी मुलगी. धाकटा तिला ताई म्हणे, म्हणून सगळी इमारतच तिला ताई म्हणायची. स्वभावाने शिस्तीची. चपला जोडीने ठेवणारी, पेन्सिली उंचीप्रमाणे लावणारी. धाकटा ढब्बू चार वर्षांचा. त्याचा स्वभाव अजून ठरायचा होता. सध्या तो फक्त प्रश्न विचारायचा.

"बाबा, देशाचा वाढदिवस म्हणजे केक?"

"केक नाही रे. देशाला आपण सलामी द्यायची."

"आणि गिफ्ट?"

"सलामी हेच गिफ्ट!" मिस्त्री म्हणाले आणि पाइप कापायला लागले. ढब्बूचं या उत्तराने समाधान झालं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. यायला हवं होतं.

तोफ झाली मात्र झकास! सांडपाण्याचा चार इंची कोरा पाइप, जुन्या बाबागाडीची चाकं, आणि मागे हवेची छोटी टाकी. ही टाकी मिस्त्रींच्या धंद्यातली. तुंबलेली नळी असली की हिच्यात हवा भरायची, कॉक फिरवायचा आणि नळीतला बोळा शेजारच्या गल्लीत! मुलांनी पाइपला सोनेरी कागद लावला. ताईने पट्टी धरून चांदण्या आखल्या, ढब्बूने त्या चांदण्यांवर दात असलेले वाघ काढले. तोफेतून उडायला फुलं हवी होती, म्हणून तिघांनी मिळून दोन दिवस रंगीत कागदाच्या पाकळ्या कापल्या. त्या चिकटवायला खळ हवी म्हणून मिस्त्रींनी पीठ शिजवायला घेतलं. वाटीभर खळ पुरली असती. मिस्त्रींनी बादलीभर केली!

बायकोने पाटी पुढे धरली. "इतकी खळ? फुलं वाळणार कधी?"

"वाळतील गं! पंखा आहे ना!"

राष्ट्रदिनाच्या आदल्या संध्याकाळी चाचणी झाली. त्यासाठी खास आजोबा आले होते. आजोबा म्हणजे बाईंचे वडील, पोलिस बँडचे निवृत्त बँडमास्तर. दरवर्षी अंगणात झेंडा लागला की तेच कॉर्नेट या छोट्या पितळी तुतारीवर राष्ट्रगीत वाजवत. त्यांच्या मिशा अशा होत्या की वाटावं, त्यांनाही इस्त्री होत असेल.

मिस्त्रींनी मूठभर फुलं भरली, हवा भरली आणि कॉक फिरवला.

फुस्स!

दोन फुलं पाइपच्या तोंडाशी आली, थोडा विचार केला आणि खाली पडली.

"जावईबापू," आजोबा म्हणाले, "ही तोफ आहे की शिंक?"

हे मिस्त्रींना फार लागलं. सासऱ्यासमोर हवा कमी पडणं म्हणजे काय! त्यांनी तिथल्या तिथे शपथ घेतली की उद्या हवा तिप्पट भरायची. शपथ मनातल्या मनात घेतली, हे त्याहून वाईट झालं. मोठ्याने घेतली असती तर कुणीतरी पाटीवर का होईना, "नको" म्हणालं असतं.

मग कोण कधी काय करणार ते पक्कं ठरलं. आधी झेंडा वर जाईल. मग राष्ट्रगीत. ते संपलं की आजोबा डावा हात वर करतील. तो हात दिसला की ताईने कॉक फिरवायचा. ताईने हे पंधरा वेळा घोकलं. "आजोबांचा हात वर, मी कॉक फिरवणार. आजोबांचा हात वर, मी कॉक फिरवणार." झोपेतसुद्धा तिची मूठ वळत होती.

सकाळी तोफ अंगणात नेण्याच्या गडबडीत बाईंना घरात काहीतरी खटकलं. कपाटाचा खालचा खण रिकामा. मोजे नाहीत. भांडी पुसायचं फडकं नाही. मुलांच्या कापसाच्या सशाचा पत्ता नाही. आणि दोरीवर वाळत घातलेली मिस्त्रींची ती जुनी बनियन, जिला भोकं जास्त आणि कापड कमी होतं, तीही गायब! बाईंनी ढब्बूकडे पाहिलं. ढब्बू तोफेच्या तोंडाकडे बघून हसत होता. बाई बारा वर्षं बालवाडी शिकवत होत्या. असलं हसू त्या लांबून ओळखत. त्यांनी भराभर पाटीवर लिहिलं, "तोफ उडवण्याआधी आत बघा!" आणि मिस्त्रींकडे धावल्या.

वाटेत ढब्बू आईला बिलगला. त्याची बाही पाटीवरून फिरली. मधले शब्द पुसले गेले. मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर पाटी आली तेव्हा तिच्यावर एवढंच उरलं होतं: "तोफ बघा!"

मिस्त्रींचा ऊर भरून आला. "बघतोय ना! तुलाही आवडली ना शेवटी?"

बाईंनी जोरजोरात मान हलवली, हात हलवले, तोफेत हात घालून दाखवल्यासारखं केलं.

"हो हो, फुलं भरलीत, गच्च भरलीत!" मिस्त्री म्हणाले. "आज पाइप कसा लगेच भरला बघ!"

तेवढ्यात कर्नलसाहेब आले. ते पाचव्या मजल्यावर राहायचे. निवृत्त झाले होते, पण पाठीचा कणा अजून नोकरीत होता. झेंडा लावायचा मान त्यांचा. अख्खी इमारत गोळा झाली. कडक कपडे, चकाकते बूट, कडेवरची पोरं, गच्चीवरून डोकावणाऱ्या आज्या. कर्नलसाहेबांनी दोरी ओढली. झेंडा सरसर वर गेला, उलगडला, वाऱ्यावर डौलाने हलला. टाळ्या! कर्नलसाहेबांनी खाडकन सलाम ठोकला. आजोबांनी कॉर्नेट उचललं.

आणि ओठाला लावण्याआधी, सवयीप्रमाणे, मिशी सारखी करायला डावा हात वर नेला!

ताईने हात पाहिला. राष्ट्रगीत अजून व्हायचं आहे हे तिला कळत होतं. पण हात म्हणजे हात! ठरलं म्हणजे ठरलं! तिने कॉक धरला. कॉक घट्ट होता. तिने दोन्ही हात लावले, पाय रोवले, जीभ बाहेर काढली. इकडे राष्ट्रगीत सुरू झालं. सगळी इमारत जागच्या जागी ताठ. पहिली ओळ झाली. दुसरी सुरू झाली. मिस्त्रींना डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपली लेक लालबुंद झालेली दिसली, त्यांनी तोंड उघडलं, पण राष्ट्रगीतात ओरडायचं कसं?

धडाम्!!

तिसऱ्या मजल्यावरची कबुतरं चौथ्यावर गेली. तोफेतून रंगांचा एक प्रचंड ढग बाहेर पडला आणि अंगणावर उतरायला लागला. पण सुटी सुटी फुलं पडतील तर ती मिस्त्रींची फुलं कसली! पंख्याने वरून वाळली होती, आतून ओलीच होती. ती पच्, पच्, पच् करत येऊन बसली. टकलांवर बसली, चष्म्यांवर बसली, पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या नाकावर एक पिवळं फूल असं चपखल बसलं की जणू जन्मापासून तिथेच होतं. आणि फुलांमागून मोजे आले! फडकं आलं! सशाने अंगणाची एक अख्खी फेरी मारली. आणि सगळ्यांच्या शेवटी, संथपणे, घाई न करता, मिस्त्रींची बनियन आली आणि कर्नलसाहेबांच्या डोक्यावर विसावली. एका भोकातून त्यांचा डावा कान बाहेर आला.

पण राष्ट्रगीत चालू होतं! हलणार कोण? दीडशे माणसं चिकट, रंगीबेरंगी आणि निश्चल उभी होती. कर्नलसाहेबांचा सलाम केसभरही ढळला नाही. फक्त बनियनीखाली त्यांचा गाल थरथरत होता. संतापाने की कशाने, ते कळायला मार्ग नव्हता.

मिस्त्रींना वाटलं, जमीन दुभंगावी. मग आठवलं, या जमिनीखाली आपणच टाकलेले पाइप आहेत.

आणि तेवढ्यात सूर बिघडला. गच्चीच्या कठड्याला अडकलेला एक मोजा सुटून थेट कॉर्नेटच्या कर्ण्यात शिरला होता. आजोबांनी गाल फुगवले, मिशा ताठ झाल्या, पण कॉर्नेटमधून फक्त "भुं... भुं..." आलं आणि मग तेही थांबलं.

राष्ट्रगीत अर्ध्यावर! असं त्या इमारतीत कधी घडलं नव्हतं. ताईचे डोळे भरले. "माझ्यामुळे," तिच्या ओठांवर आलं होतं. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. सजावटीचं जाऊ दे, पोरीच्या मनावर हे कायमचं कोरलं जाणार!

तेव्हा खालून एक बारीक, बेसूर, पण खणखणीत आवाज आला. ढब्बू गात होता. जिथे कॉर्नेट थांबलं होतं बरोबर तिथून पुढे. त्याला निम्मे शब्द येत होते. उरलेल्या जागी तो "ला ला" म्हणत होता.

मिस्त्री गायला लागले. ताईने नाक ओढलं आणि गायला लागली. मग नाकावर फूल घेतलेल्या आजी, मग गच्ची, मग सगळे! दरवर्षी ही माणसं कॉर्नेटच्या आड नुसते ओठ हलवायची. यंदा आडोसाच नव्हता. दीडशे गळे मोकळे सुटले आणि शेवटची ओळ अशी दणाणली की रस्त्यावरून जाणारी माणसंही थबकून ताठ उभी राहिली.

राष्ट्रगीत संपलं. कर्नलसाहेबांनी हात खाली घेतला. डोक्यावरची बनियन काढली, समोर धरली, तिच्यातून पलीकडचा झेंडा पाहिला.

"ही कुणाची?"

ताई पुढे आली. हुंदका दाबत म्हणाली, "आजोबांनी हात वर केला म्हणून मी कॉक फिरवला. पण मी मोजे नाही भरले. खरंच!"

"मी भरले!" ढब्बू अभिमानाने म्हणाला. "वाढदिवसाला गिफ्ट देतात. बाबा विसरले होते."

"आणि ही?"

"ती बाबांची. घरातली सगळ्यांत मऊ आहे. देशाला टोचायला नको."

कर्नलसाहेबांचा गाल पुन्हा थरथरला. मग खांदे थरथरले. आणि मग तो ताठ माणूस कमरेत वाकून असा हसत सुटला की त्याला खुर्ची द्यावी लागली! त्याबरोबर सगळ्या अंगणात हशा उसळला. बाईंना तर आवाजच नव्हता; त्या पाटी पोटाशी धरून नुसत्या हलत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कर्नलसाहेबांनी बनियनीची शिस्तीत चौकोनी घडी घातली, मिस्त्रींच्या हातात दिली आणि दोन्ही मुलांना कडक सलाम ठोकला. "हुकूम दिसला की अंमल!" ते ताईला म्हणाले. "चूक हुकूम देणाऱ्याची."

"अहो, मिशी सरळ करत होतो मी!" आजोबा कॉर्नेटमधून मोजा उपसत ओरडले.

त्यानंतर कुणी घरी जाईना. बागेच्या नळाला रबरी पाइप लावून सगळ्यांनी एकमेकांची फुलं धुवायला घेतली. पोरं तर पोरं, गच्चीवरच्या आज्यासुद्धा खाली येऊन भिजल्या. मिस्त्रींच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की त्यांना आपण हे सगळं ठरवूनच केलं असं वाटायला लागलं. "कल्पना काय, झटक्यात सुचली!" असं ते चौथ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंना सांगतही होते.

इतक्यात लक्षात आलं की अंगणातलं पाणी उतरत नाहीये. घोट्यापर्यंत आलं. मग पोटऱ्यांपर्यंत आलं. लोक हसत हसत आपापल्या घरी सटकले.

मिस्त्री घरी गेले, मघाची बनियन चढवली, हत्यारांची पेटी घेतली आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या गटाराच्या जाळीशी येऊन बसले. ताई बाजूला बादली धरून उभी राहिली, ढब्बू पाण्यात ससा पोहवत राहिला. मिस्त्रींनी जाळी उचलली, कोपरापर्यंत हात घातला आणि रंगीत, चिकट, चांगला पाच किलोचा लगदा वर काढला. पुढचं जे झालं ते निव्वळ सवयीने झालं. वीस वर्षांत गटारात हात घातला की त्यांच्या तोंडून एकच वाक्य यायचं, तेच आलं. त्यांनी मान वर केली आणि सहाही मजल्यांना ऐकू जाईल असे कडाडले,

"कुठल्या गाढवाने टाकलं हे इथं?"

वरच्या साऱ्या खिडक्या एकदम उघडल्या. आणि अख्ख्या इमारतीने, मघाच्या राष्ट्रगीतापेक्षाही एका सुरात, उत्तर दिलं,

"तुम्हीच!"