डबकेसाहेबांची दाढ

“माझी टाकी एकदा का यानात बसली, की माणूस मंगळावर नातवंडं खेळवून परत येईल!”

असं डबकेसाहेब छाती फुगवून सांगायचे. छाती तशी बेताचीच. पण टाकीचा विषय निघाला की फुगायची. डबकेसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव अर्थातच नव्हे. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर काचेच्या टाकीत त्यांनी जे हिरवट, बुडबुडणारं काहीतरी पाळलं होतं, त्यावरून सहकाऱ्यांनी दिलेली ही पदवी. टाकीत नाना जातींचे जंतू नांदत होते. एका जातीने माणसाची लघवी खायची, दुसरीने पहिलीचं उष्टं खायचं, तिसरीने प्राणवायू सोडायचा आणि शेवटी नळाला प्यायचं पाणी यायचं. एकत्र कुटुंब इतकं गुण्यागोविंदाने चाललेलं डबकेसाहेबांनी फक्त तिथेच पाहिलं होतं!

या कुटुंबाला एकच गोष्ट सोसत नसे. औषध! जंतू मारणारी गोळी घेतलेला माणूस टाकीला जोडलेल्या संडासात गेला, की घराणं खलास! म्हणून दारावर पाटी होती: ‘औषध घेणाऱ्यांनी तळमजल्यावर जावे.’

टाकी तपासायला समिती यायची ठरली. तिने पाणी पिऊन पसंत केलं तर टाकी यानात. नाहीतर टाकी भंगारात आणि डबकेसाहेब गटारखात्यात, असं संचालकांनी स्वच्छ बजावलं. आणि नेमकी तेव्हाच डबकेसाहेबांची दाढ सुजली! गालाचं पार कलिंगड झालं.

“अहो, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या ना,” बायको म्हणाली.

“अगं, माझ्या एका गोळीने अब्जावधी जीव जातील!”

“आणि तुमच्या कण्हण्याने माझा एकटीचा जातोय, त्याचं काय?”

“शास्त्रासाठी सोसायला हवं!”

“मग सोसा! पण आवाज न करता सोसा!”

आश्चर्य म्हणजे दोन-तीन दिवसांत दाढेची सूज उतरली. “याला म्हणतात मनोनिग्रह!” डबकेसाहेबांनी जाहीर केलं. “दाढेला नुसतं दटावलं!” बायको दुधाचा पेला विसळत गप्प राहिली. ती गप्प राहिली, इथेच खरं त्यांना शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी टाकी गेली! बुडबुडे बंद, रंग राखेसारखा, आणि वास असा, की उंदराने ओले मोजे घालून प्राण सोडावा!

डबकेसाहेब आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. “कोण गोळी खाऊन आत गेलं?”

सगळे रांगेत उभे राहिले. हिशेबनीस आधी फुटला. “साहेब, मी केस उगवायची गोळी घेतो. पण आत जाऊन नुसता उभा राहतो हो!”

“नुसता?”

“तळमजल्यावर जाताना कोणी पाहिलं तर आजारी म्हणतील ना! म्हणून इथे शिरायचं, दोन मिनिटं शीळ घालायची, बाहेर यायचं आणि मग मागच्या जिन्याने खाली पळायचं!”

“अय्या, मीपण!” टायपिस्टबाई म्हणाल्या.

पहारेकरीही तसाच. खुद्द संचालक लाल होऊन पुटपुटले, “माझी गोळी मूळव्याधीची. हे इथेच राहू द्या.”

“मग टाकीत जात होतं ते कोणाचं?” डबकेसाहेब किंचाळले.

मग सगळ्यांची बोटं एकदम त्यांच्याकडे वळली.

“पण मी तर मनोनिग्रहाने...”

इतक्यात दारात बायको उभी. हातात थर्मास. “अहो, सकाळचं दूध न पिताच आलात! प्या आधी!”

लग्नाला इतकी वर्षं झाली, दूध घेऊन ती कधी कचेरीत आली नव्हती. डबकेसाहेबांनी थर्मास पेल्यात उपडा केला. तळाशी पांढरा चुरा!

“डॉक्टर म्हणाले, गोळ्या पुऱ्या करायच्या,” बायको शांतपणे म्हणाली. “आता सगळ्यांदेखत ओरडणार का?”

डबकेसाहेब कपाटाकडे धावले! नशीब, विरजणाला ठेवावी तशी जुन्या टाकीतल्या जंतूंची एक बाटली थंड कपाटात होती. संचालकांनी समितीला खोकल्याचं निमित्त सांगून तारीख पुढे ढकलली. पण नव्या जंतूंना जेवू घालणार कोण? इमारतीत बिनऔषधाचा माणूस सापडेना!

“मी तर डोकेदुखीलासुद्धा कधी गोळी घेतली नाही,” बायको सहज म्हणाली.

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले.

“काय बघताय असे?”

दुसऱ्या दिवसापासून तिला आणायला कचेरीची गाडी यायला लागली. ती आली की संचालक उठून उभे राहायचे. टाकी बुडबुडू लागली. समिती आली, पाणी प्याली. अध्यक्ष ओठ पुसत म्हणाले, “वा! टाकी पसंत. यान उडेपर्यंत अशीच ठेवा. याचं श्रेय कोणाचं?”

डबकेसाहेबांची छाती फुगली. पण संचालकांनी वाकून बायकोकडे हात केला!

तरी डबकेसाहेब आनंदात घरी निघाले. गाडीत बायकोने गालावर हात ठेवला.

“अहो, माझी दाढ ठणकतेय.”

डबकेसाहेबांच्या डोळ्यांपुढे यान, टाकी आणि गटारखातं एकामागून एक तरळून गेलं.

“अगं...” ते चाचरत म्हणाले, “थोडं सोसशील? म्हणजे... शास्त्रासाठी?”

“सोसेन की,” बायको म्हणाली. “पण आवाज करून!”

आणि तिने सुरुवात केली. यान अजून उडायचंय. पण तो आवाज मंगळावर आधीच पोचला असावा!