बुडालेले खेकडे

कुशाबांनी खेकडे मागितले, हे चिमाबाईंनी अंगणात येऊन सांगितलं तेव्हा घरातल्या माणसांचा धीरच खचला. फुप्फुसं गेली म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलेला माणूस. एक शब्द बोलायचा तरी मध्ये थांबावं लागायचं. तो काही मागतो म्हणजे शेवटचंच.

"खि… कडं, खि… कडं, असंच चाललंय सकाळधरनं," चिमाबाई नवऱ्याची नक्कल करत, डोळे पुसत म्हणाल्या.

"इच्छा ऱ्हायली तर जीव अडकतो बाई. आणा," शेजारच्या झुंबरबाईंनी निकाल दिला.

मुलगा सुनील भर पावसात ओढ्याला गेला, दगड उलथून खेकडे धरले आणि बादली मेव्हण्याच्या, म्हणजे आदेशच्या, हवाली केली. "ध्यान ठिवा दाजी. मी मसाला घिऊन आलो."

आदेश लोणी गावचा, कांदा-बाजरीतला माणूस. खेकडा त्याने ताटातच पाहिलेला. बादलीत डोकावला तर खेकड्यांच्या तोंडाला फेस. आत सासरा धापा टाकतोय, बाहेर ही तऱ्हा. त्याचं काळीज हललं. पाण्यातला जीव कोरड्यात ठेवला तर गुदमरणारच, असा सरळ विचार करून त्याने बादली काठोकाठ भरली. खेकडे वर चढू लागले. पळतील म्हणून वर परात ठेवली, परातीवर वरवंटा. मग निवांत तंबाखू मळायला बसला.

सुनीलने येऊन परात उचलली. एकही नांगी हलेना.

"दाजी, बुडवलं की तुमी."

"खेकडं बुडतंय व्हय?"

"बुडालं न्हवं? बघा की."

आवाज ऐकून चिमाबाई आल्या. "अवो पावणं, वढ्याचं पाणी वाहतं असतं. बादलीतल्या पाण्यात दम किती असणार? त्यो संपल्यावर वर येऊन हवा घ्यायची, तर तुमी झाकण घातलं. कोंडून मारलं मुक्या जीवांना." मेलेला खेकडा कोणी खात नाही. सुनील बादली उपडी करून पुन्हा ओढ्याकडे वळला.

कशाला हात लावू नका, असं बजावून चिमाबाईंनी जावयाला सासऱ्यापाशी बसवलं. खोलीत चुलीचा धूर होता, झुंबरबाईंच्या उदबत्त्या होत्या आणि आजाऱ्याला वारं लागू नये म्हणून खिडकीच्या गजांत पोती गच्च कोंबलेली होती. धडधाकट आदेशलाच तिथे घाम फुटला. कुशाबांचे ओठ निळे पडले होते. त्यांनी जावयाचं मनगट धरलं, सगळी ताकद गोळा केली आणि म्हणाले, "खि… डकी… कडं."

"आणायला गेलाय सुनील, मामा," म्हणता म्हणता आदेश थांबला. त्याची नजर गजांत कोंबलेल्या पोत्यांकडे गेली.

त्याने एक पोतं ओढलं, तोच चिमाबाई आत आल्या. "मामी, मामांना खेकडं नकोय. खिडकीकडं घ्या म्हणत्यात."

"तुमाला खेकड्याचा जीव कळंना, माणसाचा काय कळणार? वारं लागून मरायचं माणूस. जावा भाईर." पोतं जागच्या जागी गेलं. जावयाचा शब्द एरवी घरात झेलला जातो, पण खेकडे बुडवणाऱ्या जावयाचा शब्द कोण झेलणार?

आदेश बाहेर पडला आणि घराला वळसा घालून खिडकीखाली गेला. चिखलात उभं राहून त्याने बाहेरून एकेक पोतं सावकाश उपसलं. घरात कुणाला कळू नये म्हणून आतलं तेवढं एक पडद्यासारखं लोंबत ठेवलं आणि गजांतून काठी घालून बाजूला रेटून धरलं. वारा आत शिरला. बऱ्याच वेळाने धापांचा आवाज मंदावला. तोवर सुनील परतला होता, रस्सा उकळत होता आणि पावसाने आदेश चिंब भिजला होता.

"बरं… वाटतंय," आतून कुशाबांचा आवाज आला. मग त्यांचा डोळा लागला.

"बघा झुंबरबाई, नुस्त्या वासानं दम बसला," चिमाबाई म्हणाल्या. "आता रोज खेकडं आणायचं, सुनील."

"आणतो की. पण दाजी कुठं गेलं?"

"बसलं असतील कुठंतरी तोंड लपवून," चिमाबाई म्हणाल्या. "बसू दे."

बाहेर आदेशने भरून आलेला हात बदलला आणि काठी पुन्हा नेटाने धरली.