पडद्याकडे पाठ

सखारामबुवा सिनेमाची पेटी वाजवायचे ती पडद्याकडे पाठ करून.

मुक्या सिनेमाचे दिवस होते. भातकापणी उरकली की कर्जतला स्टेशनामागच्या माळावर तंबू पडायचा. पडद्यावरची माणसं नुसतेच ओठ हलवायची; त्यांना आवाज द्यायची ती बुवांची पायपेटी. वाजवणाऱ्यानं निदान पडद्याकडे बघावं की नाही? बुवा स्टूल उलटं फिरवून, लोकांकडे तोंड करून बसायचे.

मी तेव्हा पुरुषांच्या दारावर तिकिटं फाडायचो. एकदा म्हटलं, "बुवा, सिनेमा मागं हाय."

"चित्र बघायला डोळे कशाला लागतात रं?" बुवा म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नवं चित्र आलं की मशीनवाला ते आदल्या दिवशी चालवून पाहायचा. बुवा तेवढ्यापुरते सरळ बसत आणि अख्खं चित्र पाठ करत. मग प्रत्येकाला आपापली चाल. नायकाला भूप. खलनायकाला खर्जातल्या दोन पट्ट्या. त्या वाजल्या की पोरं आधीच आयांना बिलगत. पण बुवांचा खरा जीव घोड्यावर. त्यांच्या टापा अशा, की घोडा पडद्यावरून निघून गेला तरी पेटीत दौडतच असायचा.

"बुवा, घोडा गेला!" लोक ओरडायचे.

"दम धरा रं, पोचू द्या त्याला!"

एकदा रिळांची अदलाबदल झाली. पडद्यावर नायकाला फासाकडे नेत होते आणि बुवा मंगलाष्टकं वाजवत होते. तंबू हसून लोळला. बुवांना वाटलं, लग्न रंगलं. त्यांनी पेटीवर वऱ्हाडाची पंगतसुद्धा उठवली.

त्याच आठवड्यात चहाच्या दुकानात मी एक वाक्य बोलून गेलो. बायकांची बाजू कनात लावून वेगळी केलेली असे, आणि बुवांचं तोंड नेमकं तिकडे. मी म्हणालो, "म्हातारा पेटी कुठं वाजवतो? बायका बघत बसतो." सगळे हसले. मला फार बरं वाटलं.

ते वाक्य फिरत फिरत मालकांपर्यंत गेलं.

"बुवा, तोंड फिरवा, नायतर पेटी उचला," मालक म्हणाले.

बुवांनी घटकाभर कनातीकडे पाहिलं आणि पेटी उचलली. बैलगाडीत घालून पळसदरीला निघून गेले. वाक्य माझंच होतं, पण ते थट्टेचं होतं असं मी मालकांना सांगितलं नाही.

पुढे बोलपट आला. भाताच्या गिरणीच्या गोदामात पडदा लागला आणि पडदाच गाऊ लागला. लोक म्हणू लागले, आता बुवा येणार आणि यंत्राला शिव्या घालणार. रविवारी दुपारच्या खेळाला बुवा खरंच आले. तिकिटं फाडायला तिथंही मीच होतो. त्यांचा दंड धरून त्यांची बायको होती. बाईंच्या तोंडावर देवीचे व्रण होते, आणि देवीनं दोन्ही डोळे नेलेले होते.

"आवो, पेटी कुठशी हाय?" बाईंनी विचारलं.

"पेटी आता पडद्यातच हाय गं."

"मंग तुमी काय करनार?"

"बसतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तंबूत ह्यांच्या पेटीवर मला समदं दिसायचं बरं का. येकदा तर असं लगीन लावलं नवरदेवाचं! लोक दात का काढत व्हते, देव जाणे."

कनातीपलीकडे बुवा काय बघत होते ते मला तेव्हा कळलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली की घोडा पुन्हा दौडत असणार. आणि बाईंचे ते सिनेमे माझ्या एका वाक्यानं बंद पडले होते.

बायका-पुरुषांना वेगळं बसवायचा गोदामाचा नियम मोडून मी दोघांना एकाच बाकावर बसवलं. तेवढंच सुचलं. भर खेळात बुवा पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून बसले, आणि दिवे जाताच त्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटपर्यंत उघडले नाहीत. "म्हातारं रुसलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

खेळ सुटल्यावर बुवा उठले ते हसतच.

"समदं ऐकून बघितलं. नुसत्या कानांनी बी कळतंय गं! गाणी तर झकास. मी नसलो तरी तुजा शिनेमा चालू ऱ्हाईल. सुटलो बग!"

"सुटताय कशापायी? गाणी ब्येस हायेत. पन घोडा आला का गेला, कायबी कळलं नाय. नुसती खडखड."

बुवांचा चेहरा असा फुलला, जणू त्यांना पुन्हा नोकरी लागली.

कर्जतला अजून दोन-चार म्हातारे आहेत. पेटीवाला बायका बघायचा, असं ते हसून सांगतात. ते माझंच वाक्य आहे. सखारामबुवा एकाच बाईकडे बघत होते, आणि ती त्यांची बायको होती. हे मी फार पूर्वीच सांगायला हवं होतं. आता सांगितलं, छाती मोकळी झाली.

त्या खेळाच्या पुढच्या रविवारी दोघं पुन्हा त्याच बाकावर. पडद्यावर घोडा उधळला. बुवांनी बाईंचा तळहात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर बोटांनी टापा वाजवू लागले. घोडा केव्हाच दिसेनासा झाला, नायिका गाऊ लागली, तरी बोटं दौडतच होती.

"पोचला," बाई म्हणाल्या. तेव्हा कुठे बोटं थांबली.