नापास डबा

आमचे शेजारी मन्मथअप्पा डब्याचा वास घेतात. डोळे मिटून, अत्तर हुंगावं तसा. मग मान हलवतात. "न्हाई. वास हाय. परत घासून आण."

लातुरात आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि ह्या माणसाचा डबा दोन-दोनदा घासायचा! नशीब माझं, दुसरं काय.

अप्पांची बायको, आमच्या आक्का, करोनात गेल्या. तेव्हापासून स्वयंपाक अप्पाच करतात. खातात कमी, वाटतात जास्त. शेंगदाण्याची चटणी केली, धपाटे केले, की स्टीलच्या डब्यात घालून कुणाच्या तरी दारात हजर. चटणीतला लसूण हटकून करपलेला. पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं?

खरी परीक्षा डबा परत देताना. आपल्याकडं रिकामा डबा कुणी परत देत नाही, निदान चमचाभर साखर तरी घालतात. अप्पांना ते चालत नाही. "भरून आणलास तर तपासू कसा?" मग ओसरीवर बसून काडीनं झाकणाची रबरी रिंग काढायची, खाचेतून बोट फिरवायचं, पाणी भरून तेलाचा तवंग बघायचा, डबा उलटा धरायचा. शेवटी नाक. एकदा म्हणाले, "हिंगाचा वास हाय." अहो, आमच्याकडं हिंग आणतच नाहीत!

परवा माझं डोकंच फिरलं. एकच डबा तिसऱ्यांदा घासला होता. लिंबू लावून, खायचा सोडा लावून, उन्हात वाळवून. ठरवूनच गेले, की हा डबा दिला की संपलं. पुन्हा अप्पांच्या घरचं काही घ्यायचं नाही.

अप्पांनी डबा नाकाशी धरला आणि मला आतून जळका वास आला.

"अप्पा, दूध करपलं!"

"आत्ता तर ठिवलंय की," ते डोळे न उघडताच म्हणाले.

मी आत पळाले. पातेलं कोळसा झालेलं, स्वयंपाकघरात धूरच धूर. गॅस बंद करून, खोकत बाहेर आले, तर अप्पांचा निकाल तयार. "कांद्याचा वास हाय थोडा. उद्या आण घासून."

मी विचारलं, "अप्पा, तुम्हाला वास येतो का हो?"

अप्पांनी झाकणाची रिंग बोटाभोवती फिरवली.

"न्हाई, पोरी. करोनात गेला, तो गेलाच. आक्काबी त्याच पंधरवड्यात गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर तिच्या लुगड्याला नाक लावून बघितलं. काहीच न्हाई आलं."

तरी विचारलंच, "मग आम्हाला डबे कशाला घासायला लावता?"

"पास केला की माणूस डबा ठिवून जातंय. नापास केला की उद्या परत येतंय."

लाज वाटली मला. रडूही आलं. त्यांच्या हातातून डबा घेतला आणि नाकाला लावला. लिंबाचा स्वच्छ वास येत होता.

"खरंय अप्पा," मी म्हणाले, "कांद्याचा येतोय अजून. उद्या घासून आणते."

अप्पांनी रिंग झाकणात नीट बसवून दिली.

"सावकाश आण," ते म्हणाले. "पर आण."