मास्तरांनी जपून ठेवलेली हवा

"एकदा हवा माणसाच्या ताब्यात आली, की त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही," असं जाहीर करून मास्तरांनी जिन्याखाली ठेवलेल्या कॉम्प्रेसरची पिन लांब वायरच्या बोर्डात खुपसली. कॉम्प्रेसरने 'हुंऽऽऽ' असा बद्धकोष्ठ झाल्यासारखा आवाज काढला आणि दोन्ही मजल्यांवरची वीज गेली.

दोन्ही मजल्यांवरची, हे महत्त्वाचं. वरच्या मजल्यावर दादा राहत. दादा म्हणजे मास्तरांचे सख्खे थोरले भाऊ. चाळीस वर्षं त्यांनी पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटारींना नव्या तारा गुंडाळून जिवंत केलं होतं. आणि गेले आठ महिने दोघा भावांत शब्द नव्हता.

कारण जिन्याचा कठडा. तो गंजला म्हणून मास्तर रंगवायला बसले, तेव्हा दादा वरून म्हणाले, "ठेव तो ब्रश खाली. तुला धरतासुद्धा येत नाही." तेहेतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या, जगातले सगळे वारे तोंडपाठ असलेल्या माणसाला हे फार लागलं. ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. कठडा निम्मा हिरवा, निम्मा गंजका राहिला. आधी दादा बोलतील तरच आपण बोलायचं, अशी मास्तरांनी शपथ घेतली. वर दादांनीही तीच घेतली असावी. शेवटी एकाच आईची लेकरं.

पण मास्तरांना करमत नव्हतं. पेपरातली बातमी वाचावी, तिच्यावर कुणाशी तरी तासभर कडाकडा भांडावं, हा जन्माचा रिवाज. आता बायकोला वाचून दाखवली तर ती "बरं" म्हणे. "बरं" म्हणणाऱ्या माणसाशी भांडणार काय, कपाळ?

म्हणून कॉम्प्रेसर आला. ब्रशचं नावच नको. हवेच्या जोरावर रंग फवारून कठडा असा चकचकीत करायचा, की दादांच्या तोंडून आपसूक शब्द निघावा. काल चालवून पाहिला तेव्हा काय सुरेख धडधडला होता. टाकी भरत आली तशी मास्तरांनी पिन उपटून तो बंद केला.

"आतली हवा सोडा की," बायको म्हणाली होती. "कुकरचीसुद्धा सोडतो आपण."

"भरलेली हवा सोडून देऊ? उद्या कामाला येईल."

रात्रभरात त्यातली थोडी झिरपली. उरलेली दबा धरून बसली.

तर वीज गेली आणि वहिनी जिन्यात आल्या. "भाऊजी, वरून विचारणं आहे, खाली काय चाललंय?"

"वर सांगा, काम चाललंय."

"कसलं काम म्हणावं," वरच्या दाराच्या पडद्याआडून दादांचा आवाज आला.

"कसलं, म्हणतायत."

"ऐकलं मी."

"मग त्यांनाच उत्तर द्या ना."

"वहिनी, मला ऐकू आलं हे त्यांना सांगू नका."

मास्तरांनी मीटरपाशी पडलेला खटका वर केला आणि निदान केलं: वायर लांब आहे, वीज वाटेतच दमते. त्यांनी धूड ओढत थेट स्वयंपाकघरातल्या बोर्डाशी नेलं. हुंऽऽऽ. बायकोचा मिक्सर थांबला आणि वर दादांचं कपडे धुण्याचं यंत्र पोटात पाणी घेऊन मुकं झालं.

दुसरं निदान: आतलं तेल गारठलंय. खटका पुन्हा वर झाला, कॉम्प्रेसर पुन्हा जिन्याखाली आला. मास्तरांनी त्याला गरम पाण्याची पिशवी लावली, वरून बायकोची शाल गुंडाळली.

"बाळंतीण आहे का ती?" बायको म्हणाली. "वर जा आणि दादांना विचारा."

"आधी त्याने बोलायचं."

"दोघे साठीचे ना तुम्ही? सहा वर्षांचे वाटता."

मास्तरांनी शाल काढून पिन लावली. हुंऽऽऽ. अंधार. वहिनी या वेळी धावतच आल्या.

"भाऊजी, आता पुरे. यांचं मिशी कापायचं मशीन मिशीतच बंद पडलं. निम्मी गेलीय."

आणि त्यांच्या मागोमाग साक्षात दादा उतरले. मिशी गेली ते त्यांनी सोसलं असतं, पण जाम झालेल्या मोटारीचं कण्हणं त्यांना ऐकवेना. एका बाजूने मिशी, दुसऱ्या बाजूने मैदान. मास्तर घाईने भिंतीकडे वळले. हसणं हेही बोलणंच धरलं गेलं असतं.

दादा मास्तरांच्या बायकोला म्हणाले, "विचार यांना, काल बंद कसा केला?"

"पिन उपटून," मास्तर भिंतीला म्हणाले.

"मग याला बटण काय शोभेला दिलंय? नुसती पिन उपटली की पिस्टनच्या डोक्यावर हवा अडकून राहते. डोक्यावर पोतं असताना माणूस तरी उठेल का? आणि म्हणे पोरांना हवेचा दाब शिकवला."

बायकोने हे सगळं दोन हातांच्या अंतरावर उभ्या मास्तरांना जसंच्या तसं पोचवलं. शेवटचं वाक्य जरा चवीने.

दादांनी चपला काढल्या, उकिडवे बसले आणि टाकीच्या तळाचा स्क्रू फिरवला. फुस्सऽऽ करून मास्तरांची जपलेली हवा गंजक्या पाण्यासकट निघून गेली. दादांनी बटण बंद केलं, पडलेला खटका वर केला, पिन लावली, बटण चालू केलं. धडधडधडधड. घर हादरलं, पण वीज गेली नाही. मास्तर भारावून जवळ सरकले.

दादा उठले. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. मान खाली होती आणि ओठ हलत होते. त्या धडधडाटात शब्द कळत नव्हता, पण मास्तरांना कळायचं ते कळलं. आठ महिन्यांनी दादा बोलत होता! आधी बोलत होता! हा क्षण मोडू नये म्हणून मास्तर जागचे तसूभर हलले नाहीत. खांद्यावरची पकड घट्ट झाली, ओठ पुन्हा हलले. मास्तरांनी भरल्या डोळ्यांनी 'जाऊ दे रे' असा हात केला. तेव्हा तर दादा खालीच वाकले. थोरला भाऊ आपल्या पाया पडतोय की काय! मास्तरांनी झटकन बटण बंद केलं आणि दादांना दोन्ही दंडांना धरून उठवलं.

"दादा, असं करू नकोस. पोचलं मला सगळं. फक्त एकदा पुन्हा म्हण. नीट ऐकायचंय."

"तिसऱ्यांदा सांगतोय," दादा म्हणाले, "पाय काढ. माझ्या चपलेवर उभा आहेस."