वझरकर सरांच्या पुस्तकाचा जबाब

आमच्या तालुक्यात कुणाच्या घरी जहाल पुस्तक सापडलं, की जबाब माणसाचा घेत नाहीत, पुस्तकाचा घेतात. ठाण्यात बसून हे जबाब मी अठरा वर्षं लिहून घेतो आहे. पूर्वी पुस्तक नुसतं बाळगलं तरी माणूस आत जायचा. आता पुस्तकालाच विचारतात, की वाचणाऱ्याला तू पटलं होतंस का. ‘हो’ म्हणालं तर तुरुंग, ‘नाही’ म्हणालं तर पुस्तक घेऊन घरी जा. माणसं सोयीचं बोलतात. पुस्तकं फार तर गप्प बसतात.

परवा शकुंतलाबाई वझरकरांना आणलं. त्यांचे यजमान इतिहासाचे शिक्षक, बोर्डाचे परीक्षक. जाऊन चार वर्षं झाली. माळ्यावरच्या त्यांच्या ट्रंकेत, शेजाऱ्यांना कापून काढा असं सांगणारं एक पुस्तक निघालं. सर हयात नाहीत, तेव्हा शिक्षा बाळगणारीला. पण बाईंना धास्ती तुरुंगाची नव्हतीच. सर रोज संध्याकाळी दार लावून ते वाचायचे, बाहेर आले की जेवणात लक्ष नसायचं, असं त्यांनी मला हळूच सांगितलं. आपला माणूस त्यातला होता की काय, हे विचारायचा त्यांना कधी धीर झाला नव्हता.

पुस्तकाला खुर्ची दिली. शपथेला ग्रंथावर हात ठेवायचा असतो; पुस्तकाला हात नसल्यामुळे आम्ही अख्खं पुस्तकच ग्रंथावर ठेवतो. पानं उडाली की जबाब विस्कळीत होतो, म्हणून फौजदार तडवींनी पंखा बंद केला.

“वझरकर सरांना तू पटलं होतंस का?”

पुस्तक गप्प. तडवींनी तीनदा विचारलं. एरवी ही जहाल पुस्तकं घसा बसेस्तोवर बोलतात. बाईंनी पदर तोंडाला लावला.

“शेवटचं पान बघा,” ते अखेर पुटपुटलं. “मला सांगवत नाही.”

शेवटच्या पानावर लाल शाईत प्रत्येक प्रकरणाचे गुण मांडले होते. खाली सरांचा शेरा होता: ‘आवेश भरपूर, पुरावा शून्य. शंभरपैकी एकोणीस.’

बाई रडल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. इतकं मोकळं रडणं मी ठाण्यात कधी पाहिलेलं नाही. तडवींनी ‘पटले नाही’ असं नोंदवून प्रकरण मिटवलं. मलाही फार बरं वाटलं.

तेवढ्यात पुस्तकाने फेरतपासणीचा अर्ज मागितला. तो त्याचा हक्क आहे, पण परीक्षकच हयात नाहीत म्हटल्यावर तडवी अडले. बाईंनी डोळे पुसून चष्मा लावला आणि पुस्तक पुढ्यात ओढलं. सर घरी आणायचे त्या पेपरांच्या गठ्ठ्यांची बेरीज त्याच तपासायच्या. परीक्षकांच्या बायका तपासतातच. बोट फिरवत त्या मनाशी आकडे म्हणू लागल्या. आम्ही सगळे थांबलो.

“तिसऱ्या प्रकरणाचे दोन धरायचे राहिलेत त्यांचे,” त्या पुस्तकाला म्हणाल्या. “एकवीस होतात. नापासच आहेस. चल घरी.”